अतिक्रमणाचे लष्करी व राजकीय परिणाम

रशियाच्या आक्रमणाचे लष्करी व राजकीय परिणाम या विषयावर जाहीर चर्चा घेण्यात यावी, असा ठराव आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीने एकमताने मंजूर केला. विषय गंभीर होता आणि आधीच उशीर झाला होता. वाचनालयाच्या घटनेनुसार वर्षातून एक तरी वैचारिक कार्यक्रम करावा लागतो. न केल्यास वार्षिक अहवालात त्या रकान्यासमोर 'निरंक' असे लिहावे लागते, आणि निरंक हा शब्द अध्यक्षांना सहन होत नाही. गेल्या वर्षी 'गुडघेदुखी आणि आपण' हा कार्यक्रम वैचारिक म्हणून दाखवला होता. वरच्या कार्यालयाने त्यावर खुलासा मागवला. तेव्हा या वर्षी ज्याला कुणी गुडघेदुखी म्हणू शकणार नाही असा विषय घेणे भाग होते. युद्ध हा तसा विषय आहे.

त्याच बैठकीच्या विषयपत्रिकेवर दुसराही एक विषय होता. शेजारच्या गादीवाल्यांनी अभ्यासिकेत आणखी पुढे सरकवलेल्या लाकडी भिंतीबाबत विचार करणे, असा. तो ग्रंथपालबाईंनी घातला होता. पहिल्या विषयावर चहा दोनदा झाल्याने दुसरा वेळेअभावी पुढे ढकलण्यात आला. याआधीच्या बैठकांमध्येही तो वेळेअभावीच ढकलला गेला होता, त्यामुळे त्याची चाके आता चांगली फिरत होती. या खेपेला फारसा जोर लावावा लागला नाही.

मी या कार्यकारिणीचा सदस्य आहे. छापखान्यात मुद्रिते तपासण्यात आयुष्य गेल्यामुळे शुद्धलेखनाचे काय असेल ते माझ्याकडे येते. मत देण्याची वेळ आली तर मी आधी इतरांचे हात किती वर गेले आहेत ते पाहतो. हे मी नम्रतेने करतो की आणखी कशाने, यावर माझेच माझ्याशी एकमत झालेले नाही.

अभ्यासिका म्हणजे वाचनालयाची मागची खोली. ज्यांच्या घरी सगळे घर एकाच खोलीत राहते आणि टीव्हीही त्याच खोलीत असतो, अशा मुली तिथे परीक्षेचा अभ्यास करायला येतात. ही खोली पूर्वी मासिकांच्या जुन्या गठ्ठ्यांसाठी होती. बाईंनी गठ्ठे हलवले, कुठल्याशा बंद पडलेल्या शाळेतली जड लाकडी टेबले मिळवली, खिडकीची मोडकी दारे दुरुस्त करून घेतली आणि खोली उघडली. पहिल्याच वर्षी तिथे बसणाऱ्या दोन मुली परिचारिकेच्या परीक्षेत पास झाल्या. बाईंनी तेव्हा पेढे नव्हे, नवीन ट्यूबलाइट आणली.

या खोलीच्या मागे गादीवाल्यांचे गोदाम. मध्ये फळ्यांची भिंत. आधी एक गादी अभ्यासिकेच्या बाजूला टेकवून ठेवली गेली, तात्पुरती, जरा हवा लागावी म्हणून. मग तिच्या सोबतीला दुसरी आली. पुढे गाद्यांची थप्पी झाली, आणि थप्पीला संरक्षण हवे म्हणून एका सुट्टीच्या दिवशी भिंतच थप्पीच्या अलीकडे येऊन उभी राहिली. ओसरी मिळाली की पाय पसरणारच, असे आपल्याकडे म्हणतात. पण गादीवाल्यांना पाय पसरायला स्वतःचीच गादी असल्याने ते अधिक सोयीने पसरत होते. काही आठवड्यांनी भिंत पुन्हा पुढे आली. मुलींनी टेबले एकमेकांना चिकटवली. मग त्या पाळीपाळीने बसू लागल्या.

गादीवाल्यांची बाजू ऐकून घेणे न्यायाचे होईल. त्यांचे म्हणणे असे, की एक तर भिंत सरकलेलीच नाही. आणि ती सरकवावी लागली याला बाई जबाबदार आहेत, कारण खिडकी उघडी ठेवून त्यांनी गाद्यांना धुळीचा धोका निर्माण केला. शिवाय त्यांच्या आजोबांच्या काळी ही सगळी इमारत एकच होती. मधली भिंत ही कुणा सुताराची चूक आहे. राहता राहिल्या मुली. तर त्यांतल्या निम्म्याअधिक घरी त्यांच्याच दुकानातल्या गादीवर झोपतात, म्हणजे मनाने त्या त्यांच्याच झाल्या, आणि आपल्या माणसांची काळजी घेणे हे त्यांचे कर्तव्य आहे. भिंत सरकवण्याला ते भिंत सरकवणे म्हणत नाहीत. 'विशेष साफसफाई' म्हणतात. दुकानातल्या नोकरांनाही तसेच म्हणायची ताकीद आहे.

कार्यकारिणी अगदीच हात बांधून बसली होती असे नाही. आम्ही दोनदा चिंता व्यक्त केली. दुसऱ्या वेळी 'तीव्र' हा शब्द घातला. तो दीर्घ आहे की ऱ्हस्व, हे मला विचारून घातला. एक कडक उपायही योजला. वाचनालयातून गादीवाल्यांच्या दुकानात जे वर्तमानपत्र फुकट जात असे, ते यापुढे शिळे पाठवायचे ठरले. गादीवाल्यांनी शेजारच्या केशकर्तनालयातून ताजे मागवायला सुरुवात केली. उपाय अजून लागू आहे.

याहून पुढे जाण्यात एक अडचण होती. वाचनालयाचे दिवे आणि पंखे गादीवाल्यांच्या मीटरवरून चालतात. कोणे एके काळी ते स्वस्त पडले म्हणून तशी तार ओढून घेतली होती. बाई अर्ज घेऊन अध्यक्षांकडे गेल्या तेव्हा मी तिथेच होतो. गादीवाल्यांच्या विरुद्ध नगरपालिकेकडे द्यायचा तो साधा अर्ज होता आणि त्याला फक्त अध्यक्षांची, नाहीतर कार्यकारिणीतल्या कुणाची तरी, सही हवी होती.

"बाई, पंखे त्यांच्याकडून येतात," अध्यक्ष म्हणाले.

"म्हणून खोली जाऊ द्यायची?"

"मी जाऊ द्या म्हटलं का? मी चिंता व्यक्त केली आहे. आणि सध्या माझ्या डोक्याला रशियाचा ताप आहे. तेवढं उरकू द्या."

बाईंनी अर्ज माझ्याकडे दिला. काका, तुम्ही तरी बघा, म्हणाल्या. मी तो घरी नेला आणि बघितला. 'अतीक्रमण' असे लिहिले होते, त्यातली वेलांटी ऱ्हस्व केली. एक स्वल्पविराम काढला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घातला. अर्ज निर्दोष करून परत दिला तेव्हा बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. त्यांना माझी सही हवी होती हे माझ्या नंतर लक्षात आले. निदान मी तसे समजतो.

चर्चेची तयारी जोरात सुरू झाली. खुर्च्या, व्यासपीठावरच्या गाद्या आणि लोड गादीवाल्यांनी स्वखुशीने दिले. ते देऊन फलकावर 'सौजन्य' म्हणून आपले नावही त्यांनी स्वखुशीनेच घालून घेतले. फलक रंगवणारा हा नगरपालिकेच्या पाट्या रंगवणारा जुना कारागीर. 'अतिक्रमण करू नये' आणि 'अतिक्रमण हटवले जाईल' हे लिहिण्यात त्याचा हात इतका बसला आहे, की 'आक्रमण' असा कागद समोर ठेवला तरी कुंचला आपल्या मळलेल्या वाटेनेच गेला. त्यातच सौजन्याला बरीच जागा लागली. त्यामुळे 'रशियाच्या' हा शब्द वर एका कोपऱ्यात, मुंगीने वाचावा एवढा झाला, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला ठळक दिसे ते एवढेच: 'अतिक्रमणाचे लष्करी व राजकीय परिणाम. जाहीर चर्चा. सर्वांनी यावे.'

मी पाहिले आणि चूक लगेच दिसली. तरी घाई नको म्हणून आधी शब्दकोश उघडला. आक्रमण म्हणजे चाल करून जाणे. अतिक्रमण म्हणजे मर्यादा ओलांडणे. चाल करून जाणारा मर्यादा ओलांडतोच, तेव्हा शब्द अगदीच चुकला असे म्हणता येईना. बरोबर आहे असेही म्हणता येईना. अध्यक्षांना मी एवढेच म्हणालो, की फलकावर एक अक्षर अधिक दिसते.

"अधिकच आहे ना? कमी नाही ना?" ते म्हणाले. "मग असू द्या. अर्थ तोच."

चर्चेच्या संध्याकाळी सभागृह भरले. गुडघेदुखीला आले होते त्याहूनही लोक जास्त होते. पहिल्या रांगेत मधोमध गादीवाले बसले, सुगंधी रुमाल घेऊन. कार्यक्रम सुरू होणार एवढ्यात दारातून एक गृहस्थ आत आले. त्यांच्या हातात मोजपट्टी होती. त्यांनी सांगितले की ते नगरपालिकेच्या अतिक्रमण विभागाचे निरीक्षक. रस्त्यावरून जाताना फलक वाचला. नागरिकांनी या विषयावर स्वतःहून सभा बोलावल्याचे त्यांच्या नोकरीत हे पहिलेच उदाहरण. तेव्हा अतिक्रमण कुठे आहे?

"युक्रेनमध्ये," अध्यक्ष म्हणाले.

निरीक्षकांनी जरा विचार केला. "ते आमच्या हद्दीत येत नाही."

बाई सभागृहाच्या मागच्या दाराशी उभ्या होत्या. त्यांनी निरीक्षकांना हळूच खूण केली आणि आत नेले. मीही मागोमाग गेलो. वाटले, कुणी पाहिलेच तर पुस्तक शोधतोय म्हणेन. निरीक्षकांनी भिंत ठोकून पाहिली, पट्टी लावली, जमिनीवर जुन्या भिंतीचे खिळे होते ती भोके बोटाने चाचपली. त्यांचा चेहरा उजळला. एवढे स्वच्छ अतिक्रमण हल्ली पाहायला मिळत नाही, म्हणाले. या फळ्या ते आत्ताच्या आत्ता काढायला लावू शकत होते. कायदा तसा आहे.

"फक्त संस्थेची हरकत पाहिजे," ते म्हणाले. "लेखी नसली तरी चालेल. कार्यकारिणीतल्या कुणीही एकाने माझ्यासमोर 'आमची हरकत आहे' एवढं तोंडाने म्हणायचं."

"माझी आहे ना हरकत," बाई म्हणाल्या.

"तुम्ही पगारी आहात. पगारी माणसाची हरकत आम्हाला धरता येत नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. सभागृहात माझ्या नावाचा पुकारा झाला, ठराव लिहायला व्यासपीठाजवळ बसावे म्हणून. मी गेलो. बाई माझ्या पाठोपाठ आल्या आणि त्यांनी अध्यक्षांपुढे एक चिठ्ठी सरकवली: निरीक्षक आले आहेत, आपण एक वाक्य बोललात तर खोली वाचते. अध्यक्षांनी ती वाचली, घडी केली आणि श्रोत्यांचे प्रश्न शेवटी घेतले जातील असे जाहीर केले. निरीक्षक मोजपट्टी मांडीवर ठेवून शेवटच्या रांगेत बसले.

लष्करी परिणाम कर्नलसाहेबांकडे होते. कर्नलसाहेबांची सगळी नोकरी सैन्याला बूट पुरवण्यात गेल्यामुळे ते कोणत्याही युद्धाकडे खालून पाहतात. रणगाडे, तोफा, ड्रोन यांचा उल्लेख करून त्यांनी ते बाजूला ठेवले. चिखल हा खरा सेनापती, असे त्यांचे मत होते. मग ते भिंतीवरच्या नकाशाकडे वळले. वाचनालयाचा नकाशा फार जुना. त्यात तो सगळा भाग एकाच गुलाबी रंगाचा होता आणि युक्रेन हा देशच नव्हता. कर्नलसाहेब छडी घेऊन बराच वेळ त्याला शोधत राहिले. पहिल्या रांगेतून गादीवाले समाधानाने म्हणाले, की बघा, नकाशा कधी खोटं बोलत नाही.

मग कर्नलसाहेबांनी व्यासपीठावरच रणभूमी मांडली. लोड ही नदी. चहाचे कप या तुकड्या. अध्यक्षांच्या चष्म्याचे घर ही राजधानी. कपांनी राजधानीकडे कूच केले, चिखलात अडकले, मागे फिरले. सभागृह श्वास रोखून पाहत होते. ऐन मोक्याला अध्यक्षांना राजकीय परिणामांचे टिपण वाचायचे म्हणून चष्मा हवा झाला आणि त्यांनी राजधानी उचलून खिशात घातली. कर्नलसाहेबांना पुढचा सगळा मोर्चा राजधानीवाचून लढवावा लागला.

श्रोत्यांचा उत्साह वाखाणण्यासारखा होता. पेन्शनीतल्या एका गृहस्थांनी उभे राहून सांगितले, की त्या चिमुकल्या देशाने एक इंचही देता कामा नये, रक्ताच्या शेवटच्या थेंबापर्यंत लढले पाहिजे. थेंब कुणाचा, ते त्यांनी सांगितले नाही. लगेच दुसऱ्यांनी शेवटच्या थेंबानंतरही लढावे असे सुचवले. तेलाचे आणि गव्हाचे भाव वाढतात यावर एक भगिनी पोटतिडकीने बोलल्या. मागून कुणीतरी विचारले, की हे सगळे आपल्या पाणीपट्टीवर येणार का. त्यांना विषयाला धरून बोलण्याची विनंती करण्यात आली.

मग अध्यक्ष उठले. ते चांगले बोलतात, हे त्यांचे शत्रूही मान्य करतील. मित्र तर त्यांना थांबवूच शकत नाहीत. राजकीय परिणाम हे लष्करी परिणामांहून खोल असतात, ते म्हणाले. कुठलेही आक्रमण रणगाड्यांनी सुरू होत नाही. ते शेजाऱ्याच्या गप्प बसण्याने सुरू होते.

"अहो, शेजारी आपल्या घरात एक फळी सरकवतो ना," अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांचा आवाज भरून आला, "तेव्हाच ओरडलं पाहिजे. आज एक फळी, उद्या एक खोली, परवा घर. जो पहिल्या फळीला गप्प बसला तो संपला."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मागच्या दाराकडे पाहिले. बाई ताठ उभ्या होत्या. त्यांचा हात पदराच्या टोकाशी थांबला होता, आणि पुढच्या वाक्याला आपला प्रश्न सुटणार अशा नजरेने त्या अध्यक्षांकडे पाहत होत्या. शेवटच्या रांगेत निरीक्षकही जरा पुढे झुकले. पहिल्या रांगेत गादीवाल्यांनी रुमाल झटकला आणि ते कुणाला तरी फोन करायला बाहेर गेले.

थोड्या वेळाने पंखे बंद पडले.

दिवे चालू होते, फक्त पंखे. गादीवाले परत येऊन जागेवर बसले आणि तांत्रिक कारण आहे म्हणाले. उकाडा असा, की लोकांनी आधी रुमाल काढले, मग निमंत्रणपत्रिकांनी वारा घेतला, मग कुणी एकमेकांकडे पाहीना. चर्चेला वेगळेच वळण लागले. शेवटच्या थेंबाचे गृहस्थ घामाचे थेंब पुसत म्हणाले, की अर्थात व्यवहारही पाहिला पाहिजे. दुसऱ्यांच्या मते लहान देशाने मोठ्या शेजाऱ्याला उगाच डिवचायला नको होते. खिडक्या उघड्या ठेवल्या की धूळ जाणारच. कर्नलसाहेबांनी बूट काढले. पंधरा मिनिटांत सभागृह वास्तववादी झाले. विचारवंतांनी वर्षानुवर्षे लिहूनही जे घडत नाही ते पंख्याच्या एका बटणाने घडले.

अध्यक्षांनी घशाखाली पाणी ओतले आणि ठरावाकडे वळले. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. कुणा देशाचे नाव घेणे संस्थेच्या धोरणात बसत नाही, म्हणून रशिया वगळण्यात आला. ओघानेच युक्रेनही गेला. मी 'आक्रमण' लिहिले, तर त्यांनी वाकून पाहिले आणि फलकावर जो शब्द आहे तोच घ्या म्हणाले. संस्थेत एकवाक्यता हवी.

"शब्द आक्रमण हवा," मी म्हणालो. निदान माझे ओठ हलले.

"भाषेचे वाद नंतर. लोक घामाघूम झालेत."

मग त्यांनी ठराव वाचून दाखवला. तो असा: "अतिक्रमण आज ज्या रेषेपर्यंत पोचले आहे, ती रेषा उभयपक्षांनी तूर्त मान्य करावी. बाधित पक्षाने संयम राखावा व बलवान पक्षाच्या रास्त भावना समजून घ्याव्यात, जेणेकरून शांतता नांदेल, असे या सभेचे मत आहे."

'जेणेकरून' हा शब्द मला आवडत नाही, पण ती वेळ नव्हती.

हात वर करण्यास सांगण्यात आले. सभागृहातले हात घामाने जड झाले होते तरी वर गेले. मला मागच्या दाराशी बाई दिसल्या. त्या अध्यक्षांकडे पाहत नव्हत्या. माझ्याकडे पाहत होत्या. कार्यकारिणीतल्या कुणीही एकाने, तोंडाने. मी कार्यकारिणीतला होतो आणि तोंड मला होते. 'आमची हरकत आहे.' तीन शब्द, शुद्धलेखनाची चूक होण्यासारखे काही नाही. बोलण्याआधी परवानगी घ्यावी म्हणून मी हात वर केला. पुरता नाही, खांद्यापर्यंत. घसा साफ करू लागलो.

"हे पाहा," अध्यक्ष आनंदाने म्हणाले, "आमच्या मुद्रितशोधकांचाही हात वर आहे. जे कधी मत देत नाहीत. एकमत."

पंखे सुरू झाले. त्या वाऱ्याने सगळ्यांनी डोळे मिटून घेतले. मी ज्या वाक्याची सुरुवात करत होतो त्यातला खोकला तेवढा झाला.

शेवटच्या रांगेतून निरीक्षक उठून उभे राहिले. त्यांनी सभ्यपणे विचारले, की हा ठराव म्हणजे संस्थेची अधिकृत भूमिका समजायची का. सरकारी माणूस वैचारिक कार्यक्रमाची अशी दखल घेतो, हे पाहून अध्यक्ष भारावले.

"अधिकृत," ते म्हणाले, "आणि एकमताची."

निरीक्षकांनी ते टिपून घेतले. संस्थेने रेषा मान्य केल्यामुळे आता त्यांचे तिथे काही काम उरले नव्हते. जाताना बाईंजवळ थांबून ते म्हणाले, की वाईट वाटून घेऊ नका. तक्रारदारच समंजस निघाला तर विभागाचा नाइलाज होतो.

गादीवाल्यांनी व्यासपीठावर येऊन अध्यक्षांना पुष्पगुच्छ दिला. सभेच्या मताचा मान राखून आपण रेषा आजच पक्की करून घेतो, म्हणजे पुढे वाद नको, असे त्यांनी जाहीर केले. सुतार तयारच होते. कर्नलसाहेब आभार मानत असताना मागून हातोड्यांचे आवाज येऊ लागले. रेषा थोडी सरळ करून घ्यावी लागली; सरळ करताना ती आणखी पुढे आली आणि खिडकी, ट्यूबलाइट व टेबले पलीकडच्या बाजूला गेली. अलीकडे राहिली ती दाराआडची जागा. तिथे एक मुलगी बसू शकते, दार बंद असेल तर.

मधल्या दोन फळ्या ठोकायच्या राहिल्या होत्या. त्या फटीतून बाई आत शिरल्या आणि एक टेबल ओढत फटीपर्यंत घेऊन आल्या. त्यावर कुणा मुलीच्या वह्या आणि पाण्याची बाटली तशीच होती. टेबल जड होते. एका टोकाने ते फटीतून बाहेर आले आणि अडकले. त्या धापा टाकत होत्या. सुतार हातोडा धरून सभ्यपणे थांबला होता. पण गादीवाले घड्याळाकडे पाहत होते.

"कुणीतरी दुसरं टोक धरा," बाई म्हणाल्या.

सभागृहाने मान वळवून पाहिले. कर्नलसाहेबांनी अशा वेळी टेबल आडवे करून पाय आधी काढावेत असा सल्ला दिला. शेवटच्या थेंबाच्या गृहस्थांनी कमरेवर हात ठेवून बाईंच्या जिद्दीला दाद दिली. ही खरी लढाऊ वृत्ती, ते म्हणाले. अध्यक्षांना गहिवरून आले. आजच्या विषयाचे याहून जिवंत उदाहरण कुठले, असे म्हणून त्यांनी टाळ्यांचे आवाहन केले आणि सगळे सभागृह उभे राहिले. पुष्कळ वेळ टाळ्या वाजत होत्या. दोन्ही हात त्यात गुंतल्याने टेबल धरणे कुणालाच शक्य नव्हते. टाळ्या संपल्या तसे लोक पुन्हा आपापल्या जागी बसले, कारण चहा जागेवर येणार होता.

बाई टेबलाला रेटा देऊन उभ्याच होत्या. त्यांनी एकदा सगळ्या रांगांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर आणून थांबवली.

"काका," त्या म्हणाल्या, "तुमचा हात वर होताच ना? आता खाली करा आणि हे धरा."

आता तुम्ही विचाराल, की मग धरलेत का तुम्ही टेबल? विचारणे साहजिक आहे. त्या संध्याकाळी सभागृहातल्या प्रत्येकाने मला अगदी हेच विचारले. तुम्ही विचारता आहात तसेच, कळवळून, आणि बसल्या जागेवरून.